मामाला भाच्याची किडनी: सीमेवरच्या एका फायलीचा अभ्यास

बेळगावातल्या एका खासगी इस्पितळाच्या अधिकृतता समितीपुढे, म्हणजे अवयव देण्याला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, अर्ज आला आहे. किडनी हवी मामाला, देणार भाचा. मामा बेळगावातल्या वडगावचा, वय ४६, स्वतःचे चार यंत्रमाग. भाचा चंदगड तालुक्यातला, वय २७, काजूच्या हंगामात पिकअप गाडी चालवतो, एरवी मिळेल ते भाडं मारतो. दोन्ही घरांच्या मधून बेळगाव-वेंगुर्ला रस्ता जातो आणि शिनोळीजवळ राज्याची हद्द लागते.

ही माणसं आणि त्यांच्या घरातल्या घडामोडी वैद्यकीय कायदा शिकणाऱ्यांसाठी रचलेल्या आहेत. कायदा, नियम आणि निकाल मात्र खरे. तसं पाहिलं तर या पट्ट्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या टापूत सोयरीक राज्य बघून होत नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर लेकी इकडून तिकडे जातात आणि सुना तिकडून इकडे येतात.

कोण देऊ शकत होतं

मामाच्या दोन्ही किडन्या रक्तदाबाने गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. माग चालवायला माणूस ठेवला, त्याचा पगार वेगळा. रक्तगट बी.

बायकोचा गट ए, आणि तिला साखरेचा त्रास. गट जुळत नाही एवढीच अडचण असती तर अदलाबदलीची वाट होती: दाता-रुग्णाच्या दोन जोड्यांमध्ये गटांचा तिढा असेल तर एकीचा दाता दुसरीच्या रुग्णाला देतो. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात ही सोय आली. पण साखरेमुळे ती दाता म्हणूनच बाद, त्यामुळे तीही वाट बंद.

पुण्यातला थोरला भाऊ तपासणीला आला. सगळे अहवाल चांगले आले. मग एके दिवशी तो डॉक्टरांना एकटा भेटला आणि म्हणाला, मला द्यायची नाही, पण घरात सांगू नका. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, “ते दाता म्हणून योग्य नाहीत.” यावर वर्गात हमखास वाद होतो. मला डॉक्टरांचं वागणं बरोबर वाटतं, एका अटीवर. “योग्य नाहीत” हे खोटं नाही, कारण जो मनापासून तयार नाही तो दाता योग्य नसतोच. पण त्यांनी भावाच्या अहवालात खोटा आजार लिहिला असता तर तो कागद पुढे त्याच्या विम्यात आणि उपचारांत त्याच्या मागे लागला असता. नाही म्हणणाऱ्याला आडोसा द्यावा, पण त्याच्या फायलीत खोटी नोंद करू नये. आणि हा आडोसा फक्त पुण्याहून आलेल्या, चार बुकं शिकलेल्या, डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं धाडस असलेल्या भावालाच मिळाला, हे लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

मामाची मुलगी २१ वर्षांची, गट बी. तिची तपासणी झालीच नाही. “लग्नाची पोर आहे,” एवढ्यावर विषय मिटला.

मामाची थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, हिला घरात सगळे आक्का म्हणतात. वय ५२, गट बी, रक्तदाबाची एक गोळी रोज. आणि शेवटी भाचा: गट बी, तब्येत ठणठणीत, क्रॉसमॅच (दोघांच्या रक्ताच्या जुळणीची तपासणी) अनुकूल. डॉक्टरांच्या मते भाचाच सरस. तोच पुढे झाला, कुणी न सांगता.

कायद्याची यादी

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेने तो घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली केला: ज्या राज्यांनी ठराव करून मागितला त्यांच्यासाठी आधी, बाकीच्यांनी नंतर ठरावाने स्वीकारायचा. मागणाऱ्या पहिल्या राज्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता. कर्नाटकाने तो नंतर स्वीकारला.

कायद्यात ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे कोण याची यादी आहे. नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण. दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. एवढेच. भाचा नाही, पुतण्या नाही, जावई नाही, सून नाही, मावशी नाही, मामा तर नाहीच. जावळ काढताना ज्याच्या मांडीवर पोर बसवतात त्या माणसाला या कायद्यात जागा नाही.

यादीतला दाता असेल तर इस्पितळातला सक्षम अधिकारी नात्याचे पुरावे बघून परवानगी देतो. यादीबाहेरचा असेल तर कलम ९(३) लागतं: रुग्णाबद्दलच्या ‘प्रेमापोटी किंवा जिव्हाळ्यापोटी, अथवा अन्य विशेष कारणाने’ देणारा दाता, आणि त्याला अधिकृतता समितीची पूर्वपरवानगी. वर्षाला २५ किंवा जास्त प्रत्यारोपणं होणाऱ्या इस्पितळाची स्वतःची समिती असते, बाकीच्यांना राज्य किंवा जिल्हा पातळीवर जावं लागतं. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणी समितीवर बसू शकत नाही.

२०१४ च्या नियमांत समितीने काय तपासायचं ते बारकाईने दिलं आहे. पैशाचा व्यवहार नाही ना, मधे दलाल नाही ना, दोघांचं नातं काय, दात्याला का द्यायची आहे, दोघांची तीन वर्षांची मिळकत काय, एकत्र राहिल्याचा पुरावा आहे का, दोघांचे जुने फोटो आहेत का. दात्याच्या जवळच्या माणसाची मुलाखत घेऊन त्याला हे ठाऊक आहे का, हेही बघायचं. व्यापार सिद्ध झाला तर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड.

एवढा संशय कशासाठी, तर देशात गरिबांच्या किडन्यांचा बाजार खरोखर भरत होता म्हणून. २००५ मध्ये कुलदीप सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात दाता आणि रुग्ण पंजाबचे, शस्त्रक्रिया तमिळनाडूत. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी त्यांच्या राहत्या राज्यातल्या समितीने तपासावं, कारण माणसाची खरी परिस्थिती तिथेच कळते. तर्क बिनतोड आहे. ज्याचं शेत, घर, कर्ज तिथलं, त्याची चौकशी परक्या शहरात कशी होणार?

आपल्या प्रकरणात परकं शहर कुठलं, हा प्रश्नच आहे. चंदगडच्या माणसाचा दवाखाना, बाजार, लग्नाचा बस्ता, सगळं बेळगावात. तरी नियमाप्रमाणे भाचा परराज्यातला. २०१४ च्या नियमांनुसार यादीबाहेरचा दाता किंवा रुग्ण दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याच्या रहिवासाची पडताळणी तिथल्या तहसीलदाराने किंवा अधिकृत अधिकाऱ्याने नमुना २० मध्ये करून द्यायची. म्हणजे फाइल शिनोळी ओलांडून चंदगडच्या तहसील कार्यालयात जाणार आणि परत येणार. दाखला मराठीत, बाकीची फाइल इंग्रजी आणि कन्नडमध्ये. शिवाय एका कागदावर भाच्याच्या वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. यात लबाडी काही नाही, पण समितीच्या टेबलावर पहिली शंका यातूनच निघते.

दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये अशा अर्जांसाठी सहा ते आठ आठवड्यांची चौकट आखून दिली. तो निकाल कर्नाटकात बंधनकारक नाही, पण समितीपुढे तो ठेवायला काय हरकत आहे? डायलिसिसवरच्या माणसाला कागदाच्या फेऱ्यांची किंमत रक्ताने मोजावी लागते.

टेबलावरची फाइल

पुरावा म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी दिल्या आणि दोन्ही वकिलाने सुचवल्या नव्हत्या.

पहिला, जावळाचा फोटो. मामा पाटावर मांडी घालून बसलाय, टोपी किंचित तिरकी, मांडीवर अर्धं डोकं भादरलेलं पोर भोकाड पसरून रडतंय, बाजूला ताटात केस आणि खोबऱ्याची वाटी. फोटोच्या मागे बेळगावच्या स्टुडिओचा निळा शिक्का. दुसरा, शाळा सोडल्याचा दाखला. भाचा नऊ वर्षांचा असताना वडील गेले. पाचवी ते दहावी तो वडगावला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकला. पालकाच्या नावापुढे मामाचं नाव.

नियम ‘एकत्र राहिल्याचा पुरावा’ आणि ‘जुने फोटो’ मागतात ते हेच. नातं सिद्ध झालं, यात मला तिळमात्र शंका नाही.

अडचण बँकेच्या उताऱ्यात आहे. मामाच्या खात्यातून भाच्याच्या खात्यात २ लाख ४० हजार गेलेत. भाचा म्हणतो, पिकअप घेताना उसने घेतले, त्यातले ६० हजार फेडले. शिवाय गेल्या दोन महिन्यांचे गाडीचे हप्ते मामानेच भरलेत. समितीतल्या एका सदस्याने भुवया उंचावल्या, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. श्रीमंत रुग्ण, कर्जदार दाता, खात्यावर पैसे: किडनीच्या धंद्याचं चित्र नेमकं असंच दिसतं.

तारखा बघा. मोठी रक्कम मामाचा आजार कळण्याच्या दीड वर्ष आधीची. तेव्हा किडनीचा विचारही कुणाच्या मनात नव्हता, मग ती किंमत कशी ठरेल? फेडीच्या नोंदीही आजाराच्या आधीच्या आहेत. हप्त्यांचं वेगळं आहे, ते तपासण्या सुरू झाल्यावरचे. पण कायद्याने ‘मोबदला’ या शब्दाची व्याख्या करताना दात्याचा प्रत्यक्ष खर्च आणि अवयव देण्यामुळे थेट बुडालेली कमाई बाहेर ठेवली आहे. बेळगावला तपासण्यांसाठी आलेल्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. हप्ता थांबत नाही. भाड्याची वही आणि इस्पितळाच्या तारखा समोरासमोर ठेवल्या की बुडालेली कमाई किती हे निघतं. हप्ते त्याच्या आत असतील तर विषय संपला. जास्त असतील तर उरलेल्या रकमेचं उत्तर दोघांनाही द्यावं लागेल, आणि ते आधी वेगवेगळं बसवून विचारावं.

पैशापेक्षा मला अवघड वाटतो तो दुसरा धागा. दात्याची जवळची व्यक्ती म्हणून आक्काची मुलाखत झाली. बोलता बोलता ती म्हणाली, “आता काय, घरातली पोरगी घरातच येणार.” मामाच्या मुलीशी भाच्याचं लग्न. या भागात ही सोयरीक रूढीची, तिला कायद्याचाही आधार आहे, कारण हिंदू विवाह कायदा सपिंड नात्यात, म्हणजे जवळच्या रक्ताच्या नात्यात, रूढी असेल तर सूट देतो. बोलणी आजाराआधीपासून चालू होती असं सगळे सांगतात.

पण किडनी दिल्यावर ती बोलणी तीच राहतात का? कायद्यात पैसा किंवा ‘पैशाच्या मोलाचं’ काही, असे शब्द आहेत. लग्न त्यात बसवणं ओढूनताणून होईल, आणि समितीने तसं करू नये असं माझं मत आहे. तरी ज्या मुलीची किडनी ‘लग्नाची पोर’ म्हणून कुणी मागितली नाही, तिच्याच गळ्यात आता उपकाराची फेड पडते आहे. ती नाही म्हणू शकेल? बापाचा जीव वाचवणाऱ्याला? समितीला तिच्यावर अधिकार नाही, ती अर्जदार नाही, तिची सही कुठल्याही नमुन्यात नाही. समिती एवढंच करू शकते: भाच्याला एकट्याला विचारायचं, “हे लग्न झालंच नाही, पोरीने दुसरीकडे केलं, तरी देणार का?” आणि उत्तर चित्रफितीत नोंदवायचं. त्याने पटकन “हो” म्हटलं तर बरं. आधी थोडा वेळ घेऊन मग “हो” म्हटलं तर माझ्या लेखी जास्त बरं.

आक्काची सही

आता या फायलीतली खरी गोष्ट. समितीने भाच्याचा अर्ज पुरावे मागवून पुढच्या बैठकीवर ढकलला. त्या संध्याकाळी इस्पितळाच्या समन्वयकाने घरच्यांना सुचवलं, अगदी चांगल्या मनाने: आक्का यादीत बसते. बहीण आहे. तहसीलदार नको, बँकेचे उतारे नकोत, समिती नको. नात्याचे कागद दिले की आठवड्यात काम होईल.

मामी रडत म्हणाली, “आक्का, तुम्हीच बघा आता.” भाचा गप्प. मामा म्हणाला, “तू कशाला गं.” आक्का म्हणाली, “मला काय, माझं झालंच की आता.” आणि दुसऱ्या दिवशी तिच्या तपासण्यांना सुरुवात झाली.

वर्गात विचारलं की बहुतेक जण म्हणतात, कायद्याने हा अर्ज सोपा. मला तो भाच्याच्या अर्जापेक्षा अवघड वाटतो. वयाने मोठी, रक्तदाबाची गोळी चालू, किडनी दिल्यावर तिच्या उरलेल्या एका किडनीवर तोच रक्तदाब. भावाच्या घरी पोर सहा वर्षं वाढलं याचं ओझं मनावर. स्वतःची कमाई नाही. पुण्याच्या भावासारखं डॉक्टरला एकटं गाठून “नको” सांगायचं, हे तिच्या कल्पनेतही येणार नाही. आणि तिला एकही अवघड प्रश्न विचारणारं कुणी नाही, कारण ती यादीत आहे.

जिवंत दात्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त आहे, ही आपल्याकडची जुनी वस्तुस्थिती. आई देते, बायको देते, बहीण देते. यादीबाहेरच्या माणसाकडे कायदा संशयाने बघतो तो पैशासाठी. पैशाची जबरदस्ती कागदावर दिसते, तारखेने पकडता येते. “माझं झालंच की आता” ही जबरदस्ती कुठल्याच उताऱ्यात उमटत नाही, आणि ती यादीच्या आतच जास्त असते. कायदा करणाऱ्यांना हे अजिबात दिसलं नाही असं नाही. २०१४ च्या नियमांत स्त्री दात्यासाठी खास तरतूद आहे: तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यायची. तरतूद आहे, पण ‘दुसरी व्यक्ती’ म्हणून बहुतेक वेळा घरातलंच कुणी तरी उभं केलं जातं.

म्हणून माझ्या मते या प्रकरणातला निर्णय असा लिहायला हवा.

भाच्याचा अर्ज आधी निकालात काढावा. नातं, सहवास आणि जिव्हाळा सिद्ध आहे, मोठी रक्कम आजाराआधीची आहे, हप्ते बुडालेल्या कमाईच्या मर्यादेत आहेत का हे वहीवरून ठरवून नोंद करावी, लग्नाबद्दलचं उत्तर नोंदवावं, आणि हे सगळं जमलं तर परवानगी द्यावी. नियमांप्रमाणे बैठकीनंतर चोवीस तासांत निर्णय अपेक्षित आहे, तो पाळावा. परवानगीबरोबर भाच्याला पुन्हा सांगावं की शस्त्रक्रियेच्या आधी कुठल्याही क्षणी त्याला संमती मागे घेता येते, कारण न देता.

समितीने नाकारलं तर कलम १७ प्रमाणे ३० दिवसांत सरकारकडे अपील आहे, तिथेही नाही जमलं तर उच्च न्यायालयाचं धारवाड पीठ. चंदगडचा दाखलाच अडकला तर रिट महाराष्ट्रात, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ कोल्हापुरात बसतं. एकाच किडनीच्या फायलीला दोन राज्यांची दोन न्यायालयं. परीक्षेत हा प्रश्न आला तर बहुतेक जण धारवाड लिहितात आणि कोल्हापूर विसरतात.

आणि भाच्याचा अर्ज निकालात निघेपर्यंत आक्काचा विचार होऊ नये, हे समितीने आदेशात स्पष्ट लिहावं. तिला दाता करायचं तर वैद्यकीय कारणाने, कागद कमी लागतात म्हणून नव्हे. त्यावर एक वैद्यकीय टिपण लागेल: निरोगी २७ वर्षांचा दाता हजर असताना ५२ वर्षांची रक्तदाबाची रुग्ण का? पथकाला याचं उत्तर लिहिता आलं नाही तर अर्ज तिथेच थांबतो.

तरी तिची वेळ आलीच, तर मुलाखत इस्पितळाबाहेरच्या बाईने घ्यावी. समाजसेविका असो वा निवृत्त शिक्षिका, बेळगावात अशा बायका आहेत. मराठीत, घरचं कुणी खोलीत नसताना, निदान दोनदा, मधे आठवडाभराचं अंतर ठेवून. “तुमची इच्छा आहे का?” असं विचारून उपयोग नाही, आक्का “हो” म्हणणार. विचारायचं असं: तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही घरात सांगू की डॉक्टरांनी नको म्हटलं, मग काय करायचं? पुण्याच्या भावाला जो आडोसा त्याने स्वतः जाऊन मागितला, तो तिच्यापुढे कुणी तरी आपणहून ठेवायला हवा. त्यानंतर ती जे म्हणेल ते तिच्या शब्दांत, मराठीत, फायलीला जोडावं, आणि इंग्रजी सारांश त्याच्या मागे लावावा, पुढे नको.